पंख्याचा उलट पीळ

क्रिया तितकीच उलट प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम मीं पुष्कळ वर्षें शाळेंत शिकविला. मुलें तो घडाघड म्हणत. पण एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें रबराच्या पिळावर उडणारें विमान वर्गांत आणलें, तेव्हांच तो त्यांना पटला. पंखा उजवीकडे फिरला, विमानाचें अंग डावीकडे कललें आणि तें बाकावर आदळलें.

या उलट पिळाशीं माणसाचा झगडा जुना आहे. आल्फोंस पेनो या फ्रेंच तरुणानें १८७० सालीं रबरावर उडणारें एक खेळणें केलें. त्याला एकावर एक असे दोन पंखे होते. ते परस्परविरुद्ध फिरत, म्हणून एकाचा पीळ दुसरा फेडी. १८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिसच्या त्वीलरी बागेंत त्याचें एका पंख्याचें चिमुकलें विमान ११ सेकंदांत सुमारें ४० मीटर गेलें. १८७६ सालीं पेटंट घेतलेल्या मोठ्या विमानाला मात्र त्यानें पुन्हां परस्परविरुद्ध फिरणारे दोन पंखे योजिले. तें विमान बांधावयास त्याला द्रव्यसाह्य मिळालें नाहीं. १८८० सालीं, अवघ्या तिसाव्या वर्षीं, त्यानें आत्महत्या केली.

तत्पूर्वीं, १८७८ सालीं, अमेरिकेंत एका पित्यानें पेनोच्या धर्तीचें खेळणें आपल्या मुलांना आणून दिलें होतें. तीं मुलें म्हणजे विल्बर व ऑर्व्हिल राइट! १९०३ सालच्या त्यांच्या विमानालाही दोन पंखे होते. एक सांखळी तिढा देऊन बसविल्यामुळें ते परस्परविरुद्ध फिरत.

पुढें १९३७ सालीं वॉल्टर व विल्यम गुड या अमेरिकन बंधूंनीं रेडिओच्या संदेशानें चालणारें छोटें विमान उडविलें. अशा विमानांना बहुधा एकच पंखा असतो, तेव्हां पीळ फेडणारा जोडीदार नाहीं. म्हणून शौकीन लोक एंजिन अंमळ उजवीकडे वळवून बसवितात, उड्डाणाच्या वेळीं वेग हळूहळू वाढवितात आणि सुकाणूं किंचित् उजवीकडे धरतात. मंद गतीनें जाणाऱ्या विमानाला एकदम पूर्ण जोर दिला, तर तें डाव्या पंखावर उलटतें आणि कित्येक महिन्यांची मेहनत क्षणांत मातीस मिळते. रेडिओनें सुकाणूं दुरून हलवितां आलें. पण उलट पीळ कांहीं सुटला नाहीं.

पेनोला आपल्या कल्पनेचें मोठें विमान पाहावयास मिळालें नाहीं. त्याच्या धर्तीचें खेळणें मात्र योग्य घरीं पोहोंचलें. आपल्या घरीं एखादा मुलगा असलें विमान मोडून बसला असेल, तर रागावण्यापूर्वीं त्याला एवढेंच विचारावें: तें कोणत्या बाजूला कललें होतें?