गिरणी कामगार, मुंबईतील

मुंबईत कापडगिरण्या 1850 च्या दशकात सुरू झाल्या. त्यांतील बहुसंख्य कामगार रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आले. पुढे उत्तर भारतीयांची भर पडली. पुष्कळांची कुटुंबे गावीच राहत. भरती जॉबरच्या (मुकादमाच्या) हाती असे. स्त्रिया मुख्यतः कांडी भरणे व सूत गुंडाळणे या कमी वेतनाच्या कामांत होत्या. विणाई खात्यात कामाच्या मोजमापावर मजुरी मिळे व ती सूतकताईपेक्षा अधिक असे. मात्र अस्पृश्यतेमुळे दलितांना तेथे प्रवेश नाकारला जाई. गैरहजरांच्या जागी घेतल्या जाणाऱ्या बदली कामगारांना काम मिळेल त्याच दिवसाचा पगार मिळे. दुसऱ्या महायुद्धकाळात महागाई भत्ता वेतनाचा महत्त्वाचा भाग बनला. वेतनवाढीसह विविध मागण्यांसाठी 1982 मध्ये कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले.