आधी डब्याचं माप

मी अंबरनाथचा. माझ्या कविता ज्या संगणकात आहेत, तो डबा वीतभरही रुंद नाही. तो मंदावला, म्हणून उल्हासनगर गाठलं. महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित बराकींत राहिले, १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं.

दुकानदार म्हणाला, “चाचा, पहले डिब्बे का नाप बताओ.”

खरंच होतं. १९९५ साली इंटेलनं ‘एटीएक्स’ हे मदरबोर्डचं माप ठरवलं. कुणाचाही बोर्ड कुणाच्याही डब्यात बसू लागला. २००१ साली व्हियानं सतरा सेंटिमीटर चौरसाचा ‘मिनी-आयटीएक्स’ आणला. माझ्या डब्याचा बोर्ड मात्र कंपनीच्या स्वतःच्याच मापाचा, पॉवर सप्लायही तसाच. रॅम डीडीआर३ चीच हवी. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते.

रॅम आणि एसएसडी घेऊन परतलो. विंडोज नव्यानं टाकलं, कविता उघडल्या, तर इंग्रजी अक्षरांची खिचडी! जुना मराठी फाँट टाकायचा राहिला होता.