कुही–पवनी : तटबंद नगरांची सहल

कुही–पवनी परिसर : नागपूर जिल्ह्यातील कुही तालुका आणि त्याला लागून असलेला भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुका यांमधील वैनगंगाकाठचा प्रदेश. अडम (ता. कुही) व पवनी ही दोन प्राचीन तटबंद नगरे, मांढळ (ता. कुही) येथील वाकाटककालीन स्थळे आणि आंभोरा (ता. कुही) येथील पाच नद्यांचा संगम एवढे सगळे दोन दिवसांत पाहून होते. बहुतेक लोक नागपूरहून निघतात आणि आंभोऱ्याचा नवा पूल पाहून संध्याकाळी परत फिरतात. प्रस्तुत नोंदीत तटबंद नगरांना अग्रक्रम दिला आहे, कारण पूर्व विदर्भात नगरे कशी वसली याचा सर्वांत ठळक पुरावा या दोन ठिकाणी जमिनीवर उभा आहे.

तटाचे स्वरूप : तटबंद शहर म्हटले की समुद्रकाठचा दगडी कोट डोळ्यांपुढे येतो. कॅरिबियन समुद्रावरील कार्ताहेना (स्थापना १५३३) हे कोलंबियातील बंदर आपल्या सुमारे ११ किमी. लांबीच्या दगडी तटासाठी ओळखले जाते आणि १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. महाराष्ट्रात चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला वसईचा कोट त्याच जातीचा. कुहीकडची नगरे त्यांच्याहून दीड-दोन हजार वर्षांनी जुनी असून त्यांचा मूळ तट मातीचा आहे. बाहेरून खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या अंगाला चढवायची, ही त्याची रीत. आज असा तट लांबून शेताच्या मोठ्या धुऱ्यासारखा दिसतो, त्यामुळे अनेक जण त्यावर उभे राहूनही ‘तट कुठे आहे’ असे विचारतात. वर चढून दोन्ही बाजूंचा उतार पाहावा. आतल्या बाजूला पांढरीची (जुन्या वस्तीच्या जागेची) राखाडी, भुसभुशीत माती, बाहेर शेतांची काळी जमीन आणि मध्ये खंदकाचा खोलगट पट्टा हा फरक डोळ्यांना सहज कळतो. पावसाळा संपल्यावर उतारावर काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरे उघडी पडतात. ती पाहावीत, उचलू नयेत. जागेवरून हललेल्या खापराचा काळ ठरवायला कोणताच आधार उरत नाही.

अडम : कुहीच्या पूर्वेस, मांढळपासून जवळ. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अमरेंद्र नाथ यांच्या मार्गदर्शनाखाली १९८८ ते १९९२ या काळात येथे उत्खनन केले. लोहयुगापासून सातवाहन काळापर्यंतची सलग वस्ती, मातीचा तट व खंदक, नाणी आणि मुद्रा असा मोठा ऐवज हाती आला. विदर्भाच्या प्राचीन इतिहासात इतका सलग क्रम फार थोड्या ठिकाणी मिळतो.

येथील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ब्राह्मी अक्षरांची एक मृण्मुद्रा. तिच्यावरील लेख ‘असकजनपदस’ असा वाचला गेला आहे. जनपदाच्या नावाची मुद्रा ही मोठी गोष्ट आहे. राजाच्या किंवा व्यापाऱ्याच्या नावाच्या मुद्रा अनेक ठिकाणी सापडतात. येथे मात्र एक प्रदेश स्वतःच्या नावाने शिक्का उमटवतो आहे, म्हणजे त्या नावाने चालणारा काही कारभार होता. हे जनपद नेमके कोणते, यावर एकमत नाही. काही अभ्यासक ते अश्मक मानतात. अश्मकाचे केंद्र मात्र एरवी गोदावरीकाठी, आजच्या तेलंगणातील बोधनकडे दाखवले जाते. उत्खननाच्या अहवालाने अडमला असिक जनपदाचे नगर म्हटले आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईच्या नाशिक लेखात असिक आणि असक ही दोन्ही नावे लागोपाठ येतात, त्यामुळे दोन्ही एकच होत असे म्हणता येत नाही.

याच वादाला दुसरा धागा जोडला जातो. ओडिशातील हाथीगुंफा लेखात कलिंगराज खारवेलाची सेना सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेकडे निघाली आणि कण्हबेंणा नदीपाशी पोहोचल्यावर तिने एका नगराला धाक घातला, असे म्हटले आहे. नगराचे नाव कोणी ‘असिकनगर’ वाचतात, कोणी ‘मुसिकनगर’. वा. वि. मिराशी यांनी कण्हबेंणा म्हणजे नागपूरजवळची कन्हान मानली. कृष्णा नदीचा पक्ष धरणारे अभ्यासकही आहेत. कन्हान मानली तर ती वैनगंगेला मिळते ती जागा कुही तालुक्यातच, आंभोऱ्याला आहे आणि अडमचा तट तिथून दूर नाही. शिलालेखांच्या अभ्यासकाला हा योग मोहात पाडतो. निर्णय द्यायला तो पुरेसा नाही, पण सहलीला निघण्याआधी एवढा वाद डोक्यात असावा. नाहीतर अडमला गेलेला माणूस मातीचे एक टेकाड पाहून परत येईल.

अडमला तिकीटघर, उपाहारगृह किंवा मार्गदर्शक मिळेल असे धरून निघू नये. पिण्याचे पाणी व डबा सोबत न्यावा. शेते उभी असतील तर गावात विचारून, बांधावरून जावे. गावकऱ्यांना टेकाडाची ओळख आहे आणि विचारणाऱ्याला ते वाट दाखवतात.

मांढळ : बाजारपेठेचे गाव, परिसर मिरचीसाठी प्रसिद्ध. येथे वाकाटकांचे ताम्रपट सापडले आहेत, त्यांत दुसरा रुद्रसेन, दुसरा प्रवरसेन व दुसरा पृथ्वीषेण यांची दाने आहेत. नागपूर विद्यापीठाच्या वतीने अजय मित्र शास्त्री यांनी १९७५ नंतर केलेल्या उत्खननात विटांच्या मंदिरांचे अवशेष आणि अनेक मस्तकांच्या अपूर्व शैव मूर्ती मिळाल्या. मूर्ती गावात नाहीत.

पवनी : वैनगंगेच्या काठी. हे नगर अजून नांदते आहे, आणि अडमशी तुलना करताना हेच ध्यानात घ्यायचे. येथे प्राचीन मातीच्या तटावर पुढच्या काळात दगडी बांधकाम चढले. गावात शिरण्याचा जुना दरवाजा ‘जवाहर गेट’ या नावाने ओळखला जातो. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने येथे उत्खनन केले. गावाबाहेरील जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथील टेकडी या दोन्हींच्या पोटात बौद्ध स्तूप निघाले. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाची बांधणी मौर्यकाळाच्या आगेमागे सुरू होऊन पुढे वाढत गेली, असे मानले जाते. त्याच्या कठड्यावर दात्यांची नावे कोरलेली होती. येथील एका स्तंभावर पाच फण्यांचा नाग असून त्याचे मुचलिंद (बौद्ध कथेतील नागराज) हे नावही ब्राह्मीत दिले आहे. चित्राखाली नाव लिहिण्याची ही पद्धत मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपावर दिसते. तीच वैनगंगेकाठी आढळते, यावरून कारागीर आणि कथा किती लांबवर फिरत होत्या हे कळते.

महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभही पवनीचा. शक सत्तेचा हा माणूस पूर्व विदर्भात कसा आला, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. अमरेंद्र नाथ यांनी १९९४ मध्ये पवनीत पुन्हा उत्खनन केले.

सहलीत पवनीला पूर्ण सकाळ द्यावी. दरवाजातून आत जाऊन तटाच्या कडेने बालसमुद्र तलावापर्यंत चालावे, मग घाटांवर उतरावे. देवळांच्या संख्येमुळे पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. येथील पंचमुखी गणेश विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक आहे. जगन्नाथ टेकडी सर्वांत शेवटी ठेवावी. नगर पाहून झाल्यावर स्तूप नगराबाहेर का बांधला असेल हा प्रश्न आपोआप पडतो. जवळच्या रुयाड येथे अलीकडे नवा महास्तूप बांधण्यात आला आहे.

आंभोरा : वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा व कोलारी या नद्यांचा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर. महाशिवरात्रीला यात्रा भरते. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ येथे रचला अशी विदर्भातील परंपरा आहे. मराठवाड्यात हाच मान अंबेजोगाईला दिला जातो. गोसीखुर्द धरणाचा (पायाभरणी १९८८) फुगवटा येथवर पोहोचला, जुन्या वस्तीचे पुनर्वसन झाले आणि नदीचे पात्र तलावासारखे रुंद झाले. कुही तालुक्यातील अनेक गावांनी या धरणासाठी आपली जमीन सोडली आहे. पुलावरून दिसणारे विस्तीर्ण पाणी ‘सुंदर’ म्हणताना हे आठवावे. नागपूर व भंडारा जिल्हे जोडणारा येथील केबल-आधारित पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्यावर उंच प्रेक्षक सज्जा आहे.

मार्ग : नागपूर ते कुही सुमारे ४० किमी. पहिल्या दिवशी कुही, मांढळ, अडम करून वेलतूरमार्गे आंभोरा. पूल ओलांडून अड्याळवरून पवनी. दुसऱ्या दिवशी पवनी पाहून निलज फाटा, भिवापूर, उमरेड या रस्त्याने परत. उलट क्रम टाळावा. पवनीचे दगड आधी पाहिले की अडमची माती डोळ्यांत भरत नाही. पूर्वी इतवारी–नागभीड या छोट्या गाडीने कुही आणि ‘पवनी रोड’ ही दोन्ही स्थानके जोडलेली होती. रुंदीकरणासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. अडम एस.टी.च्या भरवशावर एका दिवसात उरकणे कठीण आहे, स्वतःचे वाहन बरे.

काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तटावर गवत माजते व सापांचा वावर असतो. उन्हाळ्यात दुपारी तटावर सावली नसते.

वन : उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य (घोषणा २०१२) याच टापूत आहे. सफारी पावसाळ्यात बंद असते. सकाळची फेरी पहाटे सुरू होत असल्याने पवनीच्या सकाळीशी तिचा मेळ बसत नाही. वाघासाठी वेगळा दिवस काढावा.

मुक्काम : पवनी किंवा उमरेड.

संग्रहालय : नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय (स्थापना १८६३, लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’). रूपिअम्माचा स्तंभ येथे आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावे, सोमवार टाळून.