सांगणे आणि ऐकणे : युद्धाघाताच्या उपचारातील भाषेचा प्रश्न

युद्धात मन उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवरील उपचारांचा इतिहास बहुधा वैद्यकाच्या अंगाने लिहिला जातो. त्याला वाङ्मयीन बाजूही आहे. आघातग्रस्ताने अनुभव सांगावा आणि कोणीतरी तो ऐकावा, ही या उपचाराच्या एका प्रमुख परंपरेतील मध्यवर्ती क्रिया होय. आणि ती भाषेतच घडते. सांगणारा कोणत्या भाषेत बोलतो, ऐकणारा कोण आहे आणि सांगितलेले कोणत्या हेतूने वाचले जाते, हे प्रश्न म्हणूनच उपचाराबाहेरचे ठरत नाहीत. पहिल्या महायुद्धातील दोन प्रसंग शेजारी ठेवून त्यांचा विचार करण्याचा येथे प्रयत्न आहे.

‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात प्रथम रूढ केली ती चार्ल्स मायर्स यांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील लेखाद्वारे. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेला इजा होत असावी, अशी आरंभीची समजूत होती. पुढे स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागल्याने ती डळमळली. निदानात दर्जाचा भेदही होता : अधिकाऱ्याला बहुधा ‘न्यूरस्थेनिया’, तर साध्या शिपायाला ‘हिस्टेरिया’. लंडनमध्ये लुईस यिअलंड हे वाचा गेलेल्या शिपायांना विजेचे झटके देऊन बोलते करीत. तेथे शिपायाच्या तोंडून आवाज निघणे एवढेच साध्य होते. तो काय बोलतो याला महत्त्व नव्हते.

एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट या केवळ अधिकाऱ्यांसाठी असलेल्या रुग्णालयात याहून वेगळा प्रयोग झाला. तेथील डॉ. विल्यम रिव्हर्स हे मानववंशशास्त्रज्ञही होते. १९०१-०२ मध्ये त्यांनी निलगिरीत तोडा समाजाचा अभ्यास केला होता आणि १९०६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला होता. दुभाष्यांच्या साहाय्याने आप्तसंबंध आणि विधी यांविषयी चिकाटीने विचारीत राहणे, ही त्यांची तेथील अभ्यासरीत होती. १९१७ च्या डिसेंबरात वाचलेल्या आणि १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी भयानक स्मृती विसरण्याचा सल्ला घातक असल्याचे प्रतिपादन केले. मात्र स्मृती नुसती उगाळत बसणेही त्यांना मान्य नव्हते. तिच्यातील सुसह्य असा एखादा पैलू रुग्णाच्या हाती लागावा, अशी त्यांची धारणा होती. मित्राचे छिन्नविच्छिन्न प्रेत पाहिलेल्या एका अधिकाऱ्याला, तो मृत्यू तत्क्षणी आणि वेदनेविना आला असणार, या जाणिवेने दिलासा मिळाला. दुसऱ्या एका रुग्णाच्या अनुभवात असा पैलू सापडलाच नाही. हे अपयश रिव्हर्स यांनी त्याच निबंधात नोंदविले आहे.

त्यांचे सहकारी आर्थर ब्रॉक यांचा भर कार्यातून बरे होण्यावर होता. ग्रीक वैद्यकाचे जाणकार असलेल्या ब्रॉक यांना, भूमीपासून तुटताच बळ हरपणारा अँटियस हा आघातग्रस्ताचे प्रतीक वाटे. त्यांचा रुग्ण विल्फ्रेड ओवेन याने १९१७ मध्ये रुग्णालयाच्या ‘द हायड्रा’ या नियतकालिकाचे संपादन केले. सीगफ्रीड ससून याची कविताही त्यात आली. येथे काव्यलेखन हा उपचाराचा भाग होता. त्या उपचाराचे अंतिम प्रयोजन मात्र रुग्णाला रणांगणावर परत धाडणे हेच होते. दोघेही परतले, ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला.

आता दुसरा प्रसंग. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी शिपायांना इंग्लंडमधील ब्रायटन येथे आणले जाई. तेथील राजवाड्यात उघडलेल्या रुग्णालयात धर्म आणि जात लक्षात घेऊन स्वतंत्र स्वयंपाकघरे ठेवली होती. शिपायाचे शरीर आणि आचार यांची काळजी बारकाईने घेतली गेली. त्याची पत्रे मात्र सेन्सॉरच्या हाती जात. हिंदी टपालाचे सेन्सॉर एव्हलिन हॉवेल यांनी १९१५ च्या आरंभी एक विलक्षण निरीक्षण नोंदविले : शिपायांची पत्रे काव्याकडे वळू लागली आहेत आणि हे मानसिक अस्वस्थतेचे अशुभ चिन्ह दिसते.

हॉवेल यांचे निदान कदाचित अचूकही असेल. परंतु त्याचा उपयोग पलटणीचे मनोधैर्य जोखण्यासाठी होता, लिहिणाऱ्याला बरे करण्यासाठी नव्हे. एकाच युद्धात अधिकाऱ्याची कविता उपचार ठरली आणि शिपायाची कविता लक्षण ठरली. ही पत्रे अनेकदा लेखनिकाकडून लिहविलेली असत, आणि आज उपलब्ध आहेत ते मुख्यतः सेन्सॉर कचेरीने केलेले इंग्रजी उतारे. म्हणजे मूळ भाषेतील छंद, रूढ प्रतिमा, सांकेतिक बोलणे यांवरच अनुवादाचा पडदा आहे. शिवाय मराठा पलटणी मोठ्या प्रमाणावर मेसोपोटेमियात लढल्या. ११० वी मराठा पलटण कुतच्या वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी युद्धकैदी झाली. फ्रान्समधील या संग्रहात मराठी आवाज शोधणाऱ्याने ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

व्हिएतनाम युद्धानंतर ऐकणाऱ्याचे स्थान पालटले. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये परतलेले सैनिक एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसत. अशा प्रयत्नांचा परिणाम म्हणून १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत आघातोत्तर ताणविकृतीला स्थान मिळाले. १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन यांनी सैनिकाचा आघात आणि घरातील अत्याचाराचा आघात एकाच चौकटीत आणले. १९९४ मध्ये जोनाथन शे यांनी ‘इलियड’ आणि व्हिएतनामच्या सैनिकांची कथने एकत्र वाचली. वरिष्ठांकडून झालेला विश्वासघात हा त्यांना जखमेचा गाभा वाटला. ज्या समाजाच्या नावाने युद्ध लढले गेले त्याने ऐकणे, हा त्यांच्या मते बरे होण्याचा आवश्यक भाग आहे. आज अग्निशामक दलातील जवान आणि सैनिकांची कुटुंबेही या उपचारांच्या कक्षेत आली आहेत.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासातून एक सावधगिरी शिकता येते. आघातसाहित्याची आपली कल्पना बव्हंशी ओवेन आणि ससून यांच्या परंपरेवर उभी आहे; म्हणजेच ज्यांना श्रोता लाभला त्यांच्या लेखनावर. मौन, तुटलेली वाक्ये, खंडित कथन ही आघाताची सार्वत्रिक लक्षणे मानली, तर परंपरागत छंदात, ओव्यांच्या वा दोह्यांच्या ओळखीच्या चालीवर दुःख सांगणारा शिपाई आघातग्रस्त म्हणून ओळखूच येणार नाही. सेन्सॉरला निदान तेवढे तरी ऐकू आले होते. त्याच्या टाचणाखाली दबलेली मूळ कविता काय सांगत होती, हा प्रश्न विचारण्यासाठी वैद्यकाइतकीच भाषाभ्यासाची गरज आहे.