बोट लागली

कोकणात 'बोट लागली' या दोन शब्दांना दोन अर्थ होते. एक म्हणजे बोट बंदरात आली. दुसरा म्हणजे समुद्राच्या हेलकाव्यांनी पोटात ढवळून माणूस आडवा झाला. पहिला अर्थ आता फारसा कोणी वापरत नाही, दुसरा मात्र 'गाडी लागली' होऊन वरंधा घाटात आणि आंबा घाटात सुखेनैव नांदतो आहे. भाषेत अशी टरफलं मागे राहतात. आतला दाणा कधीच गेलेला असतो.

हल्ली दर दोन-तीन वर्षांनी बातमी येते की मुंबईहून कोकणात पुन्हा बोट सुरू होणार, वेगवान, स्वस्त, आणि रस्त्याच्या कटकटीतून सुटका करणारी. ती वाचली की घरातली मोठी माणसं खूष होतात आणि आठवणी सुरू होतात. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, की जुनी बोट इतकी छान होती तर ती बंद का पडली? आणि ती बोट नक्की कोणासाठी छान होती?

आधी थोडा मागचा हिशोब. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी १८४५ सालची. लोकांच्या तोंडी तिचं नाव होतं शेफर्ड कंपनी, मालक-एजंटांच्या नावावरून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या आगबोटी कोकण किनाऱ्यावर नेमाने फिरू लागल्या आणि आपल्या लोकांचं मुंबईशी नातं कायमचं बदललं. त्याआधी गलबतं होतीच, पण गलबत वाऱ्याच्या मर्जीने चालतं. वारा पडला की पडला. आगबोटीला वेळापत्रक होतं, आणि वेळापत्रक म्हणजे काय तर गिरणीत खाडा न होता शिमग्याला गावी जाऊन परत येता येईल याची हमी. १८८१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती, आणि त्यातली सव्वा लाखाच्या वर माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचाही काही भाग धरून.) मनीऑर्डरवर चालणारं कोकण म्हणून आपण जे म्हणतो, ते या बोटींनी घडवलं. रेल्वे कोकणात त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ आली नाही.

बरं, ही बोट पावसाळ्यात बंद. जूनला बंदरं मिटायची ती समुद्र शांत झाल्यावर, साधारण सप्टेंबरात उघडायची. म्हणजे ज्या गणपतीसाठी आज अख्खी मुंबई कोकणात रिकामी होते, त्या गणपतीला बोट मिळेलच याची खात्री नसे. मिळाली नाही तर रत्नागिरीकराने आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून आगगाडीने पुणे-मुंबई. कोल्हापूरला गाडी आली १८९१ साली, त्याआधी तर तेही नाही.

आता स्वस्ताईची गोष्ट. ती मला या सगळ्यात फार रंजक वाटते. परक्या कंपनीची मक्तेदारी असली की भाडं ती म्हणेल ते, आणि वागणूकही ती देईल ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशीची लाट आली तेव्हा कोकणातल्या मंडळींनी शेफर्डला उत्तर म्हणून आपली सहकारी आगबोट कंपनी उभी केली. कागदोपत्री तिचं नाव होतं इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन वगैरे. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? लोक म्हणायचे 'माझी आगबोट कंपनी'. मला हे नाव फार आवडतं. आज कुठल्या वाहतूक कंपनीला कोणी 'माझी' म्हणेल? या कंपनीने बोटींना नावं दिली ती रामदास, तुकाराम, सेंट अँथनी, सेंट झेविअर अशी. हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळलेली! भाविक माणूस तुकारामात बसून मुंबईला जायला का नाही म्हणेल?

याच सुमाराला देशाच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते मुद्दाम सांगतो. तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, तुतिकोरिन ते कोलंबो. बोटी मिळवायला टिळकांचीही मदत झाली होती. तिथल्या बलाढ्य ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडं उतरवत उतरवत एक रुपयावर आणलं. स्वदेशीने आठ आणे केलं. मग ब्रिटिश कंपनीने फुकट न्यायची तयारी दाखवली, वर एक छत्री भेट! १९०८ साली चिदंबरम तुरुंगात गेले, १९११ पर्यंत कंपनी मोडीत निघाली आणि तिची एक बोट प्रतिस्पर्ध्यालाच विकावी लागली. छत्री घेऊन फुकट जाणाऱ्या प्रवाशाला दोष देण्यात अर्थ नाही, गरिबाला आठ आणेसुद्धा जड असतात. पण भांडणातून आलेली स्वस्ताई भांडण संपेपर्यंतच टिकते, हे त्याला नंतर तिकिटाच्या खिडकीवर कळलं असणार.

कोकणात आपली कंपनी टिकली, हे तिचं मोठेपण. पण स्वस्ताईला आणखी एक बाजू असते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. मग १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनासुद्धा राहिला नव्हता. रामदास बोट सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. ही बंदरातली लाइन असल्यामुळे पावसातही चालू होती. दुसऱ्या दिवशी अमावास्या, गावी जाणाऱ्यांची गर्दी. काश्याच्या खडकाजवळ मोठी लाट आली, बोट कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासातच सगळं संपलं. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबई डोळ्यांना दिसत होती इतक्या अंतरावर बोट बुडाली, आणि मुंबईला ते कळायला दुपार उलटली. जी माणसं वाचली त्यातल्या बऱ्याच जणांना मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं.

रामदास काही मोडकी, जुनाट बोट नव्हती. १९३६ साली स्वान हंटर या नामांकित इंग्लिश कारखान्यात बांधलेली होती. पण उत्तम बोट, भर पावसाळा, गच्च गर्दी आणि खबर द्यायला काही नाही, असं सगळं एकत्र आलं. भाडं कमी ठेवायचं तर बोट भरून न्यावी लागते, आणि भरण्याची हद्द कुठे संपते हे लाटेलाच ठाऊक असतं. अलिबाग, पेण, माणगाव भागात अजूनही अशी घरं आहेत जिथे आषाढाच्या शेवटी रामदासची आठवण निघते. त्या माणसांना 'बोटीचा रम्य प्रवास' सांगायला जाऊ नये.

असो. वेगाकडे येतो. मुंबई ते पणजी समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. कोकण सेवक, कोकण शक्ती या शेवटच्या काळातल्या बोटी आमच्या आधीच्या पिढीला चांगल्या आठवतात. सकाळी मुंबईहून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. इंजिनाच्या मानाने हा वेळ फार होता असं नाही. वेळ जायचा तो बंदरात. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे, लांब खोल पाण्यात नांगर टाकायची. मग किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या पडावात म्हातारीकोतारी, पोरं, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं उतरवायचं. रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात हे चाललंय अशी कल्पना करा. एका बंदरातला तासभर उशीर पुढच्या सगळ्या बंदरांच्या माथी. वेंगुर्ल्याच्या माणसाने हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असा सगळ्यांचा उशीर भोगायचा.

आणि उतरल्यावर घर थोडंच आलं? चिपळूणच्या माणसाने दाभोळला उतरून खाडीतून लहान लाँचने गोवळकोटपर्यंत जायचं, तेही भरती बघून. राजापूरच्या माणसाने मुसाकाजीहून पुन्हा आत. जुनी शहरं खाड्यांच्या आत वसलेली, खाड्या गाळाने भरत गेलेल्या, आणि बोटी मोठ्या होत गेलेल्या. म्हणजे बोट जसजशी सुधारली तसतशी ती गावापासून लांब गेली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि बोटीच्या आठवणी सांगणारे ते हटकून गाळतात.

मग एसटी आली. तिचे धक्के, धूळ, पनवेलला तासन् तास खोळंबा, सगळं मान्य. पण ती वाडीच्या तोंडाशी सोडायची, आणि पावसातही यायची. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबईतून कोकणात जायला ठाण्याचा वळसा किंवा धरमतरची लाँच यातलं काही घेणं सक्तीचं उरलं नाही. चार महिने बांधून ठेवायच्या बोटीचा, तिच्या खलाशांचा आणि डागडुजीचा खर्च उरलेल्या आठ महिन्यांच्या डेकच्या तिकिटांतून काढायचा, हे गणित मग जुळेना. १९८०च्या दशकाच्या अखेरीला ही प्रवासी बोट बंद पडली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा तिची जागा घेणारं कोणीतरी आलं खरं, पण डोंगराच्या बाजूने. समुद्राकाठची बंदरं अजून गाडीपासून लांबच आहेत.

मधे १९९०च्या दशकात दमानियांची कॅटमरान आली होती. मुंबई-गोवा सात तासांत! वेगाचा प्रश्न सुटला. पण भाडं बसच्या कितीतरी पट, आणि मधल्या कोकणात कुठे थांबायचीच नाही. ती बोट कोकणासमोरून जात होती, कोकणात येत नव्हती. विमानाने जाणाऱ्याला ती हळू आणि बसने जाणाऱ्याला महाग. काही वर्षांत गेली.

याउलट दाभोळ-धोपावे फेरी बघा. २००३ साली सुवर्णदुर्ग शिपिंगने सुरू केली. वाशिष्ठी नदीच्या मुखावर काही मिनिटांचं पाणी, पण त्याने दापोली-गुहागरच्या माणसाचा चिपळूणचा वळसा वाचतो. माणूस, मोटरसायकल, टेंपो, एसटीसुद्धा पोटात घेते. बोट साधी, सपाट, दिसायला एखाद्या ट्रेसारखी. कौतुकाचे लेख तिच्यावर कोणी लिहीत नाही. पण तिच्या पाठोपाठ वेसवी-बागमांडले, तवसाळ-जयगड अशा फेऱ्या आल्या आणि चालल्या. तिकडे गोव्यात सरकारी फेरीबोटीत पायी माणसाला तिकीटच नाही. तिथे नदी ओलांडणं हा रस्त्याचाच भाग समजतात. मला हा विचार पटतो. पुलावरून चालताना आपण कुठे पैसे देतो?

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या खाजगी बोटींनी एक साधी गोष्ट केली, तिकिटातच अलिबागपर्यंतची बस. म्हटलं तर क्षुल्लक. पण त्यामुळे मांडवा हे नुसतं उतरायचं ठिकाण न राहता अलिबागचं दार झालं. २०२० साली भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो सुरू झाली. त्यासाठी आधी मांडव्याला लाटा अडवणारा बांध घालावा लागला, गाळ काढावा लागला. रामदास जिथे गेली त्याच्या आसपासच्या पाण्यातून ही बोट तासाभरात पार होते. मोटार असलेल्याला उत्तम. ज्याच्याकडे मोटार नाही तो अजूनही रेवसच्या लाँचचाच हिशोब करतो.

२०२५ साली मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला रो-रो नेण्याची घोषणा झाली. जयगड तीन तास, विजयदुर्ग पाच तास असं त्यात म्हटलं होतं. बोटीच्या वेगाबद्दल मला शंका नाही, इंजिनं आता तशी आहेत. जयगडच्या धक्क्यापासून रत्नागिरी चाळीस-पन्नास किलोमीटर. तिथे उतरलेल्या, मोटार नसलेल्या, हातात दोन पिशव्या आणि बरोबर म्हातारी आई असलेल्या माणसासाठी बाहेर एसटी उभी असेल का, आणि बोटीला तास उशीर झाला तर ती थांबेल का, याबद्दल मला कुठे काही वाचायला मिळालं नाही. जयगड-गणपतीपुळे बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांनी जरूर कळवा. आणि कोणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत 'माझी आगबोट कंपनी'चा शेअरचा कागद सापडला तर त्याचा फोटो मला हवा आहे.