श्रम आणि श्रद्धा : वऱ्हाडच्या इतिहासांतील एक पान

आपल्याकडील ख्रिस्ती मिशनांचा इतिहास लिहितांना बहुधा दोनच हिशेब मांडले जातात. एकांत माणसें किती बाटविलीं हें मोजलें जातें, दुसऱ्यांत शाळा व दवाखाने किती काढले हें मोजलें जातें. पहिल्यानें संताप येतो, दुसऱ्यानें कृतज्ञता वाटते. पण दोन्ही हिशेबांत एक गोष्ट सुटते. एखाद्या मनुष्याची श्रद्धा त्याच्या रोजच्या कामांत कशी उतरली, हा प्रश्न आंकड्यांनीं सुटत नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या एका विस्मृत प्रकरणावरून या प्रश्नाचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

श्रम हीच पूजा, हा विचार मराठी मनाला परका नाहीं. सावत्या माळ्यानें मळ्यांत, गोऱ्या कुंभारानें चिखलांत आणि जनाबाईनें जात्याशीं विठ्ठल पाहिला, असें आपण भाविकपणें सांगत आलों आहों. ख्रिस्ती धर्मांतहि ही परंपरा जुनी आहे. येशू सुताराच्या घरीं वाढला. पौल तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरी. सोळाव्या शतकांत लूथरनें असें प्रतिपादिलें कीं, धर्मगुरूच्या कामाइतकेंच चांभाराचें व दासीचें कामहि ईश्वरी आज्ञेचें पालन होय. ज्या विल्यम केरीनें 1805 सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें, तो मूळचा चर्मकार होता, हें आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे.

आतां बुलढाण्याकडे वळूं. मलकापूरचें रेल्वेस्थानक सोडून घाट चढून गेलें म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर हें जिल्ह्याचें ठाणें लागतें. 1853 सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, आणि त्या शतकाच्या अखेरीस 1896-97 व 1899-1900 असे दोन भयंकर दुष्काळ देशाच्या मोठ्या भागावर कोसळले. पहिल्या दुष्काळांत पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत या मुलींना केवळ अन्न मिळालें असें नव्हे. त्या विणकाम, शेती आणि छापखान्यांतील खिळे जुळविण्याचें काम शिकल्या. रमाबाईंनीं केलेलें बायबलचें भाषांतर या छापखान्यांतून 1924 सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, पूर्ण होऊन बाहेर पडलें. भुकेल्याला एक वेळ जेवूं घालणें ही दया होय. त्याच्या हाताला काम देणें ही त्याच्या मनुष्यत्वाची ओळख होय. हा भेद रमाबाईंनीं आचरणानें दाखविला.

याच दुष्काळांच्या काळांत, 1898 सालीं, अमेरिकेंतील एका लहानशा पंथाचे चार-पांच प्रचारक पश्चिम हिंदुस्थानांत आले आणि पुढें त्यांनीं बुलढाण्यास ठाणें केलें. 1907 सालीं झालेल्या एकीकरणानंतर हा पंथ नाझरीन चर्च या नांवाने ओळखला जाऊं लागला. त्या ठाण्यावर 1904 सालीं लेटन ट्रेसी हा कॅनडांत जन्मलेला तरुण आला. थोड्याच काळांत ठाण्याचा प्रमुख व त्याचे बहुतेक सहकारी तें काम सोडून निघून गेले. मागें राहिले ते ट्रेसी, त्याची पत्नी गर्ट्रूड आणि तिची आई. अशा वेळीं परत जाणें सोपें होतें, आणि त्यास कोणी फारसा दोषहि दिला नसता. ट्रेसी मात्र वऱ्हाडांतच राहिला. अधूनमधून मायदेशीं जाऊन येत असे, तो काळ धरून त्यानें जवळजवळ तीस वर्षें याच कामाला दिलीं. जिल्ह्याच्या लोकसंख्येंत ख्रिस्ती समाज तेव्हांहि अत्यल्प होता व पुढेंहि अत्यल्पच राहिला. म्हणजे, यशाची गोडी लागली म्हणून तो टिकला, असें म्हणण्यास जागा नाहीं.

या पंथाच्या कामाची दुसरी मोठी शाखा शेजारच्या वाशीम येथें फुटली. तेथें 1936 सालीं डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन स्त्री-डॉक्टर आल्या. मिशनच्या जुन्या मुलींच्या शाळेच्या वास्तूंत त्यांनीं रुग्णालय उभें केलें. 1938 च्या सुमारास रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय या नांवाने तें चालूं झालें, आणि पुढें तेथें परिचारिकांच्या शिक्षणाचीहि सोय झाली. ही सोय किती मोलाची होती हें समजण्यास त्या काळची घरें आठवावीं. पुरुष डॉक्टरपुढें दुखणें सांगण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रिया तेव्हां घरोघर होत्या. दुसऱ्याचा पू, रक्त, मळ पुसण्याचें काम हीन मानलें जाई. त्यामुळें प्रतिष्ठित घरांतील मुली त्याकडे वळत नसत. तें काम आरंभीं पुष्कळ ठिकाणीं ख्रिस्ती मुलींनींच उचललें.

येथें एक गंभीर आक्षेप येतो, व तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. ही सेवा म्हणजे धर्मांतराचें आमिष नव्हतें काय? बुलढाणा व वाशीम जेव्हां मध्यप्रदेश राज्यांत होतीं, तेव्हां 1954 सालीं त्या सरकारनें डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचें प्रत्यक्ष साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्यानें बंदी असावी, अशी शिफारस समितीनें 1956 च्या अहवालांत केली. ख्रिस्ती समाजानें त्या अहवालावर कडाडून टीका केली. परंतु रोग्याच्या असहायतेचा फायदा कोणीं घेऊं नये, हें मूळ तत्त्व कोणाहि सज्जनास मान्य व्हावें. किंबहुना ख्रिस्ती मनुष्यास तें आधीं मान्य असावें, कारण विकत घेतलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे.

मिशनऱ्यांनीं आपल्या धर्माचा प्रसार व्हावा ही इच्छा कधीं लपविली नाहीं. म्हणून त्यांचे हेतु निर्भेळ होते, असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि जखम बांधणाऱ्याच्या मनांत काय होतें, याचा निवाडा इतिहासाला नेहमीं करतां येत नाहीं. जखम नीट बांधली गेली कीं नाहीं, आणि तिच्या मोबदल्यांत कांहीं मागितलें गेलें कीं नाहीं, हें मात्र तपासतां येतें. ही कसोटी मिशनला लावावी, तशीच ती मठाला, आश्रमाला व सरकारी दवाखान्यालाहि लावावी.

पण तपासण्यासाठीं साधनें हवींत. ट्रेसीचें चरित्र त्याच्या मुलीनें इंग्रजींत लिहून ठेवलें आहे. रात्रीं कंदील घेऊन रोग्याच्या उशाशीं बसलेल्या मराठी परिचारिकांचें, खेड्यांतील ख्रिस्ती शिक्षकांचें, औषधें कुटणाऱ्या कंपौंडरांचें चरित्र कोणीं लिहिलें? मिशनचें खरें काम बहुतांशीं याच लोकांच्या हातून झालें, आणि बुलढाण्याच्या इतिहासांत त्यांचीं नांवें शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. घरोघरच्या पेट्यांतून जुनीं पत्रें, दाखले, छायाचित्रें अजून असतील. जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास-विभागांनीं तीं वेळींच गोळा करावींत. म्हणजे स्तुति व निंदा या दोहोंपेक्षां अधिक भरंवशाचें असें कांहीं पुढील पिढीच्या हातीं पडेल.