वैनगंगेचा काठ व नागपूरची शाळा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बालाघाट व नागपूर यांची राज्ये निराळी झाली. वैनगंगेचे पाणी मात्र बालाघाटाहून भंडाऱ्याकडे पूर्ववत् येत राहिले. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १९५७ रोजी, नागपुरात केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था निघाली. सरकारी मदत पोहोचेपर्यंत बुडत्यास हात द्यावयाचा तो शेजाऱ्यानेच. त्याला शिकविणारी माणसे येथे घडावयाची होती. परंतु १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर हवाई हल्ल्याचे पाठ पुढे आले, आणि १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याने शत्रूचाच हल्ला डोळ्यांपुढे ठेवला. बालाघाटावर बाँब पडला नाही. पावसाळा काही चुकला नाही. त्या कायद्यात आपत्ती-व्यवस्थापनाचा समावेश व्हावयास चार दशके लोटली. २००९ ची दुरुस्ती २०१० मध्ये कायद्याच्या पुस्तकात आली.